दोघांसाठी टेबल

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठावर, ग्रांझ-ओग्युस्तँ घाटाला लागून ‘लापेरूज’ नावाचं रेस्तराँ आहे, १७६६ सालचं. वरच्या मजल्यावर बुटक्या छताच्या, मोजकी माणसं मावतील अशा खोल्या आहेत आणि तिथल्या जुन्या आरशांवर ओरखड्यांचं जाळं पसरलेलं दिसतं. एकोणिसाव्या शतकात बड्या आश्रयदात्यांबरोबर इथे येणाऱ्या गणिका, भेट मिळालेला हिरा अस्सल आहे की नाही, हे काचेवर घासून पाहत, अशी हकिगत आहे. काच चिरली तर हिरा खरा. आता, काच साध्या स्फटिकानेही चिरते. तेव्हा या परीक्षेत नापास फक्त काचेचे खडे झाले असणार आणि चलाख आश्रयदाते स्फटिकावर निभावून गेले असणार. पण लापेरूजला गेलेलं कुठलंही जोडपं जेवणाआधी हे ओरखडे बोटाने चाचपून पाहतं.

गंमत अशी, की या खोल्या प्रेमिकांसाठी झाल्याच नव्हत्या. लफेव्र नावाच्या मूळ मालकाचं दुकान कोंबड्या-बदकांच्या घाऊक बाजाराला खेटून होतं. बाजारातल्या व्यापाऱ्यांना सौदे करायला आणि दिवसाचा गल्ला मोजायला खिसेकापूंपासून लांब जागा हवी होती, म्हणून त्याने नोकरांच्या खोल्या त्यांना उघडून दिल्या, असं सांगतात. दार लावून पैसे मोजायची सोय झाली. पुढे त्याच दारामागे दुसरे व्यवहार आले.

जुन्या पॅरिसमधल्या बहुतेक नामांकित जागांना असा काही ना काही व्यवहारी जन्म आहे. कुठली गाडी सुटेपर्यंत वेळ काढायला, कुठली कारकुनांना वीस मिनिटांत जेवू घालायला, कुठली केवळ मिरवायला. छताची उंची, टेबलांमधलं अंतर, आरसे, दिवे, वेटरची चाल हे सगळं त्या मूळ कामाप्रमाणे ठरलं आणि आजही तसंच चालतं. तीन-चार दिवसांसाठी पॅरिसला जाणाऱ्या जोडप्याने म्हणूनच ‘सर्वांत रोमँटिक दहा’ छापाच्या याद्या बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा: ही खोली कुणासाठी बांधली होती? निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

मुळात दोघांनी वेगळ्या टेबलावर बसायचं, आपल्या वेळेला जायचं, आपल्या आवडीचं मागवायचं ही सोयच अडीचशे वर्षांपूर्वी दुर्मीळ होती. पॅरिसच्या खानावळीत एक लांब टेबल असे, जेवायची वेळ ठरलेली असे आणि समोर येईल ते खायचं. शेजारी कोण बसेल याचा नेम नाही. आपली पंगतच ती, फक्त आग्रह वजा केलेला. १७६०च्या दशकात मातुरँ रोझ द शांतवाझो आणि त्याच्यासारख्या काही जणांनी नाजूक प्रकृतीच्या लोकांसाठी मांसाचा पौष्टिक अर्क विकायला सुरुवात केली. आजाऱ्याला ठरावीक वेळेचं बंधन घालून चालत नाही आणि परक्यांच्या गर्दीत बसवूनही चालत नाही. त्यामुळे छोटी वेगळी टेबलं आली, दिवसभर सेवा आली, किमती लिहिलेलं कार्ड आलं. इतिहासकार रेबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा सगळा प्रवास बारकाईने मांडला आहे. आज ज्याला आपण दोघांचा एकांत म्हणतो, तो पॅरिसच्या रेस्तराँत आला तो असा, पथ्याच्या निमित्ताने.

मिरवण्याच्या जागेचा नमुना पाहायचा तर पाले-रोयालच्या बागेच्या कमानींखाली जावं लागतं. तिथलं ‘ग्रां वेफूर’ १७८४ साली ‘काफे द शार्त्र’ या नावाने उघडलं आणि १८२०मध्ये जाँ वेफूरने ते घेतलं. रंगवलेलं छत, काचेखाली जपलेली चित्रं, लाल गुबगुबीत बाकं. कुठल्या जागेवर कुठलं बडं गिऱ्हाईक बसायचं त्याच्या छोट्या पाट्या बाकांवर लावल्या आहेत: नेपोलियन, व्हिक्टर ह्यूगो, कोलेत. लेखिका कोलेत तर याच इमारतींच्या रांगेत राहायची. या पाट्या जरा पर्यटकी वाटतात, हे खरं. पण खोली लहान आहे, गालिचा आहे, कापड आहे, आणि त्यामुळे तिथे एक गोष्ट घडते जी निम्म्या पॅरिसमध्ये घडत नाही. समोरच्याचं कुजबुजलेलं वाक्य ऐकू येतं.

हा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या डॉक्टरने पॅरिसमध्येच टिपलं आणि १९११ साली छापलं. त्याला आजही ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. फरशी, आरसा, काच, उंच छत असलेल्या हॉलमध्ये हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. एक टेबल मोठ्याने बोलतं म्हणून दुसरं, दुसरं बोलतं म्हणून तिसरं. साडेआठपर्यंत बरा असलेला हॉल साडेनऊला बाजार होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांना कानांवर हेडफोन लावून, मोठ्या खरखराटात खायला दिलं होतं. त्यांना पदार्थातला गोडवा आणि मीठ दोन्ही कमी लागलं. म्हणजे गोंगाटात संवाद तर जातोच, चवही थोडी जाते. रेस्तराँचे फोटो पाहताना जोडपी झुंबरं बघतात. त्याऐवजी जमीन बघावी. खाली फरशी आणि वर काच असेल तर मनातलं काही बोलायची ती संध्याकाळ नव्हे.

तरीही गोंगाटाच्या जागांवर काट मारायची नाही. त्यांच्यातली सर्वांत लाडकी जात म्हणजे ‘बुयाँ’. १८५०च्या दशकात बातिस्त-अदोल्फ द्युव्हाल या खाटकाने कामकरी लोकांना उकडलेलं मांस आणि त्याचं गरम पाणी, म्हणजे बुयाँ, स्वस्तात द्यायला सुरुवात केली. धंदा इतका चालला की शहरभर शाखा झाल्या. काळा झगा, पांढरा एप्रन आणि पांढरी टोपी घातलेल्या त्याच्या वाढपिणी पॅरिसच्या ओळखीच्या झाल्या. त्यांतल्या एकीचं रन्वारने १८७५च्या सुमारास काढलेलं चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

या परंपरेतलं ‘शार्तिये’ १८९६ साली फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरच्या एका चौकात आत सुरू झालं. आजही ते वर्षाचे सगळे दिवस चालू असतं. वर काचेचं छत, पितळी कठडे, डोक्यावर सामान ठेवायच्या फळ्या, भिंतीवर आरसे. भिंतीलगत लाकडी खणांची कपाटं आहेत, त्यांत रोजची गिऱ्हाइकं आपापले कापडी नॅपकिन ठेवत. काळं जाकीट आणि लांब पांढरा एप्रन घातलेला वेटर येतो, टेबलावर अंथरलेल्या कागदावरच पेनाने ऑर्डर खरडतो आणि जेवण झालं की तिथेच बेरीज करतो. उकडलेलं अंडं आणि मेयोनेझ मोजक्या युरोंत मिळतं. टेबलं अपुरी पडली तर दोघांच्या शेजारी आणखी दोघं अनोळखी बसवतात, आणि विचारतही नाहीत. ज्यांना एकमेकांशी बोलायला विषय भरपूर आहेत, अशांना हे आवडत नाही. पण लग्नाला बारा-पंधरा वर्षं झालेल्या, मुलं आजीकडे ठेवून आलेल्या जोडप्यासाठी शार्तियेसारखी जागा नाही. शेजारच्या ताटात काय आलं, तो म्हातारा एकटा का जेवतोय, कागदावरची बेरीज बरोबर आहे का, यावर संध्याकाळ हसत निघून जाते. रांग मात्र असते. सातच्या आत पोचलं तर ती आटोक्यात असते. आणि तिथे दोन तास रेंगाळायचा बेत करू नये. ही खोली माणसं भराभर उठवण्यासाठी बांधली आहे आणि वेटरला ते पाठ आहे.

बुयाँपैकीच पण दोघांना अधिक मानवेल असं ‘ज्युलियँ’ फोबूर सँ-दनी रस्त्यावर आहे. १९०६च्या सुमाराची वळणदार नवकला, काचेच्या पट्ट्यांवर चार ऋतूंच्या चार स्त्रिया. थाट ग्रां वेफूरच्या जवळ जाणारा, खर्च शार्तियेच्या जवळ जाणारा. स्वस्तात देखणेपण हवं असेल तर पॅरिसमध्ये याच्या पुढे जाणं अवघड आहे.

गार द लियों हे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचं स्टेशन. तिथे जिना चढून वर गेलं की ‘त्रँ ब्ल्यू’ लागतं. १९००च्या जागतिक प्रदर्शनाच्या धामधुमीत नवं स्टेशन बांधलं गेलं आणि १९०१ साली राष्ट्राध्यक्ष एमिल लुबे यांच्या हस्ते या उपाहारगृहाचं उद्घाटन झालं. भिंती-छतावर ४१ चित्रं आहेत, आणि ती कुठल्या देवदेवतांची नाहीत. रेल्वे कंपनीच्या गाड्या जिथे जिथे जात, त्या गावांची आहेत. मार्सेय, नीस, माँ ब्लाँ. सोन्याच्या वर्खाने मढवलेली ही चक्क जाहिरात आहे. आजचं नाव १९६३मध्ये मिळालं, पॅरिसहून रिव्हिएराला जाणाऱ्या प्रसिद्ध रात्रगाडीवरून, आणि १९७२मध्ये हॉलला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. सिनेमावाल्यांनाही त्याची भुरळ आहे. ‘निकिता’ सिनेमातला गोळीबार इथलाच आणि मिस्टर बीनने नको असलेली कालवं शेजारच्या बाईच्या पर्समध्ये ओतली तीही इथेच.

या खोलीचं मूळ काम ओळखलं की तिचा उपयोगही कळतो. ती निघणाऱ्या माणसांसाठी आहे. जेवायला म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाहून संध्याकाळी तिथे जाणं थोडं कृत्रिम होतं. इतक्या सोन्याखाली दोन माणसं हरवून जातात. पण त्याच जोडप्याला दुसऱ्या दिवशी लियों किंवा नीसची गाडी असेल, तर बॅगांसकट दुपारी तिथे जावं. चाकांच्या गाडीवर आणून समोर कापला जाणारा मेंढीच्या मांडीचा भाजका तुकडा घ्यावा किंवा नुसती कॉफी. खिडकीतून फलाट दिसतात. भिंतीवरचं नीस आणि तिकिटावरचं नीस एकच असलं की त्या चित्रांना अर्थ येतो.

ब्रासरी ही आणखी एक तऱ्हा, तिचा उगम बिअरमध्ये. १८७०-७१च्या युद्धात आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि तिथून आलेल्या बऱ्याच लोकांनी पॅरिसमध्ये बिअर आणि आंबवलेल्या कोबीची दुकानं थाटली. सँ-जेर्मँमधलं ‘लिप’ १८८० सालचं. लिपमध्ये काय खाल्लं यापेक्षा कुठे बसवलं याला किंमत आहे: तळमजल्यावर, दारापासून फार लांब नाही अशी जागा म्हणजे मान, आणि वरच्या मजल्यावर पाठवलं म्हणजे ओळख नाही. परगावच्या जोडप्याला बहुधा वरच जावं लागतं. त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, पण खास प्रसंगाची रात्र या राजकारणात घालवू नये.

मोंपार्नासमधलं ‘कुपोल’ जास्त उदार आहे. डिसेंबर १९२७मध्ये उघडलेला हा अवाढव्य हॉल. खांबांवर त्या काळच्या मोंपार्नासच्या चित्रकारांनी केलेली चित्रं, तळघरात नाचघर. मराठी वाचकाला चमकवणारी बाब मेन्यूवर आहे. इथला सर्वांत नावाजलेला पदार्थ म्हणजे ‘भारतीय पद्धतीची’ मटन करी, आणि ती पहिल्या वर्षापासून, १९२७पासून मिळते. आपल्या जिभेला ती सौम्य लागणार आणि सोबत येणाऱ्या फळांच्या चटण्यांनी गोडसर. कोल्हापूरकराने तिच्याकडून तांबड्या रश्श्याची अपेक्षा ठेवली तर दोघांवर अन्याय होईल. पण जवळजवळ शंभर वर्षं एका फ्रेंच ब्रासरीने आपला मानाचा पदार्थ म्हणून करी जपावी, हे एकदा पाहायला हवं.

आता वेळ. प्रकाशाचा हिशोब पर्यटक हमखास चुकतात. जूनच्या अखेरीस पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला; आठ वाजता मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण ठरवून गेलेल्यांच्या डोळ्यांवर चक्क ऊन येतं. डिसेंबरात उलट, पाचच्या आत अंधार. म्हणून उन्हाळ्यात नदीकाठची किंवा खिडकीची जागा घ्यावी आणि जेवण नऊला सुरू करावं. हिवाळ्यात आरशांच्या जुन्या जागा. या आरशांचा उपयोग मुळात दिव्यांचा उजेड वाढवायला होता, आणि ते काम ते हिवाळ्यातच नीट करतात. उन्हाळ्यात फुटपाथवरच्या टेबलांचा मोह होतो, पण २००८पासून आतल्या भागात धूम्रपानाला बंदी आली आणि सगळे सिगारेटवाले बाहेर आले. वासाचं वावडं असेल तर आतलीच जागा मागावी.

संगीताचंही असंच. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकी संशोधकाने १९८६मध्ये दाखवलं, की संथ संगीत चालू असताना लोक सरासरी ५६ मिनिटं जेवत बसले आणि जलद संगीतात ४५ मिनिटं. संथ संगीतात दारूवरचा खर्चही वाढला. दारातून आत पाऊल टाकताना जे कानावर पडतं, त्यावरून मालकाला गिऱ्हाईक रेंगाळायला हवंय की उठायला, ते कळतं.

बुकिंग करताना नुसतं ‘दोघांसाठी’ म्हणू नये. भिंतीलगतचा बाक मागावा. जुन्या खोल्यांत भिंतीला धरून लांब बाक असतो आणि समोर खुर्च्या. खुर्च्या बऱ्याचदा वाकवलेल्या लाकडाच्या, ज्या जातीच्या आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात असत. कोपऱ्यातल्या बाकावर काटकोनात बसता येतं. आवाज न चढवता बोलता येतं आणि दोघांनाही खोली दिसते. दार, जिना आणि स्वयंपाकघराची वाट यांच्या जवळची जागा नको, हे आधीच सांगितलेलं बरं. १४ फेब्रुवारीला मात्र यातलं काहीच चालत नाही. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी ठरलेलं महागडं जेवण आणि दोन-दोन पाळ्या असतात. तेरा किंवा पंधरा तारीख घ्यावी. ऑगस्टमध्ये अनेक घरगुती बिस्त्रो सुट्टीवर जातात. रविवार-सोमवारचीही खात्री करून घ्यावी.

शाकाहारी जोडप्याची अडचण खरी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. कांद्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण ते रिवाजाने गोमांसाच्या अर्कावर करतात. बुयाँ तर नावापासूनच त्या अर्कावर उभं आहे. व्हिनेग्रेट घातलेल्या कोवळ्या कांदापाती, बकरीच्या दुधाच्या चीजचं सॅलड, अंडं चालत असेल तर ऑम्लेट, एवढ्यावर जुन्या खोल्यांत भागवावं लागतं, तेही ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत, असं बजावून. दुसऱ्या टोकाला आलँ पासार यांचं ‘आर्पेज’ आहे. १९९६पासून मिशलँचे तीन तारे असलेल्या या शेफने २००१मध्ये लाल मांस मेन्यूवरून काढलं आणि २०२५मध्ये, मध सोडला तर, सगळा मेन्यू वनस्पतींवर आणला. तिथे एका जेवणाच्या खर्चात पॅरिसमधल्या हॉटेलात काही रात्री राहता येईल. रोजच्या पोटपूजेसाठी ला शापेल भागात तमिळ दुकानांत डोसा मिळतो. तो दुपारी खाऊन घ्यावा आणि रात्री खोलीसाठी, वाइनसाठी आणि गोडासाठी जावं.

खर्चाचा विषय निघाला की ‘तूर दार्जां’ येतंच. नोत्र दामच्या मागच्या बाजूकडे, उंचावरून पाहणारी ही खोली. इथे दाबयंत्रातून रस काढून केलेलं बदक मिळतं आणि १८९०पासून प्रत्येक बदकाला क्रमांक देतात. जेवणाऱ्याला त्याचं कार्ड मिळतं. जपानचे हिरोहितो युवराज असताना १९२१मध्ये जेवले ते ५३,२११वं. दशलक्षावं बदक २००३मध्ये झालं. हा खेळ भाबडा आहे, पण खुबीचा: घरी नेण्याजोगी, फक्त त्या दोघांची अशी एक वस्तू हातात पडते. इथे आणि अशा बहुतेक बड्या ठिकाणी दुपारचं ठरीव जेवण रात्रीच्या मानाने बरंच स्वस्त पडतं, खिडकी तीच असते आणि दिवसा नदी व चर्च जास्त स्वच्छ दिसतं. जुन्या काळी अशा जागांत बाईच्या हाती दिलेल्या मेन्यूवर किमतीच छापलेल्या नसत. आता बिल निम्मं-निम्मं करणाऱ्या जोडप्यांनी दोन्ही मेन्यू ताडून बघायला हरकत नाही.

फ्रान्समध्ये छापील किमतीत सेवाशुल्क धरलेलं असतं. त्यावर काही ठेवायचं तर खुशीने, दोन-चार युरो. साधं पाणी ‘काराफ’ म्हणून मागितलं की फुकट मिळतं. नुसतं ‘पाणी’ म्हटलं तर पैशांची बाटली येते. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही. अर्धा तास कुणी फिरकलं नाही म्हणून आपली मंडळी चिडतात, पण न मागता बिल टेबलावर ठेवणं म्हणजे ‘उठा’ म्हणणं, असं तिथला वेटर मानतो. शार्तियेसारख्या घाईच्या आणि दोन पाळ्यांच्या जागा सोडल्या, तर टेबल रात्रभर त्या दोघांचंच असतं. पाळ्या आहेत का, एवढं बुकिंगच्या वेळी विचारून घ्यावं, आणि परतीच्या मेट्रोची वेळ बघून ठेवावी: शुक्रवारी-शनिवारी ती साधारण सव्वादोनपर्यंत चालते, इतर रात्री सव्वापर्यंत.